ऐकत नाही तो साथीदार कसला?

पणजीतल्या हॉटेलात, कळंगुटच्या किनाऱ्यावर किंवा वसईतल्या लग्नाच्या लॉनवर हल्ली ‘लाइव्ह बँड’ म्हणून जे उभं असतं, ती बऱ्याचदा दोनच माणसं असतात. एकजण गिटार किंवा कीबोर्ड वाजवत गातो, दुसरा सॅक्सोफोन धरतो किंवा जोडीला गातो. ड्रम्स आणि बेस लॅपटॉपमधून येतात. यावरून वादकांमध्ये चालणारा वाद ऐकला की दोन्ही बाजूंची कीव येते. एक बाजू म्हणते, यंत्राला आत्मा नाही. दुसरी म्हणते, समोरच्यांना फरक कळत नाही, मग तुमच्या पोटात का दुखतं? आत्मा म्हणजे नेमकं काय, हे पहिलीला सांगता येत नाही. दुसरी श्रोत्यांच्या अज्ञानावर दुकान चालवते आणि वर त्याचा अभिमान बाळगते.

निकाल लावायचा तर प्रश्न निराळा विचारावा लागेल. त्या संध्याकाळी ड्रमरचं काम काय आहे, आणि ते करताना त्याला इतरांचं ऐकावं लागतं का? नाचणाऱ्यांच्या पायांना न हलणारी लय हवी असेल तर ते काम यंत्र करू शकतं, आणि पुष्कळदा बेताच्या ड्रमरपेक्षा चांगलं करतं. जाझमध्ये ऐकणं हेच ड्रमरचं मुख्य काम असतं. तिथे संगणकाचे ड्रम्स लावू नयेत. ड्रमर मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर ड्रम्सशिवाय वाजवावं. हे शेवटचं वाक्य अनेकांना टोकाचं वाटेल, पण या लेखाचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

आधी एक गोंधळ निस्तरू. या वादात विजेवर चालणारं प्रत्येक वाद्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. ऑक्टापॅड घ्या. ऐंशीच्या दशकापासून मराठी ऑर्केस्ट्रात आणि कोकण-मुंबईच्या बेंजो पार्टीत तो असा रुळला की आज त्याच्याशिवाय गणपतीची मिरवणूक हलत नाही. आवाज त्याचा यंत्राचा, पण काठी माणसाच्या हातात. नाचणारा पुढे सरकला की वाजवणारा ठेका चढवतो, थांबला की थांबतो. त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते आपोआप वाजणाऱ्या ड्रम्सशी. त्यातही प्रकार आहेत. पहिला, आधी तयार करून ठेवलेली पूर्ण लांबीची फाइल. ती सुरू केली की संपेपर्यंत आपल्या वाटेने जाते. दुसरा, अरेंजर कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) धरली की बेस त्या सुरावर जातो आणि ठेका मागे चालू राहतो. तिसरा, कॉर्ड लिहून दिल्या की साथ रचून देणारा संगणकाचा प्रोग्रॅम. कॅनडातल्या पीजी म्युझिकने १९९० मध्ये आणलेला बँड-इन-अ-बॉक्स हा त्यातला जुना आणि आजही वापरात असलेला. सरावासाठी तो उत्तम आहे, याबद्दल दुमत नसावं.

सराव आणि रंगमंच यांतला हा फरक आपल्याकडे आधीच ठरलेला आहे, फक्त कुणी त्याची कारणं मांडत बसत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मैफलीत सर्रास चालतो. मोठमोठे गवई त्याची पेटी शेजारी ठेवून गातात, रसिक नाक मुरडत नाहीत. इलेक्ट्रॉनिक तबला मात्र रियाजाच्या खोलीतच राहिला. तालमाला हे इलेक्ट्रॉनिक तबल्याचं यंत्र लावून ख्याल गाणारा गवई रंगमंचावर बसला तर पहिल्या आवर्तनातच कुजबुज सुरू होईल. दोन्ही यंत्रंच. मग एकाला मान आणि दुसऱ्याला मज्जाव का? कारण तानपुऱ्याला गायकाचं ऐकावं लागत नाही. त्याने स्थिर राहावं हीच त्याच्याकडून अपेक्षा. तबलजीने मात्र समेच्या आधी गायक कुठे चाललाय हे ओळखायचं असतं, लयीत घोळ झाला तर सावरून घ्यायचं असतं, लग्गी कधी सोडायची ते ठरवायचं असतं. उलट बाजूने पाहा: तबल्याच्या सोलोला लेहरा (ताल दाखवणारी फिरती धून) धरणाऱ्याने हलता कामा नये, म्हणून लेहऱ्याचं यंत्र निदान सरावात सगळ्यांना पटतं. कसोटी तीच. जे काम न ऐकता नीट होतं ते यंत्राला द्यायला हरकत नाही.

ही कसोटी लावली तर नाचाच्या कार्यक्रमांबाबत यंत्राच्या बाजूने बरंच काही मान्य करावं लागतं. बॉलरूम नाचाची लय आकड्यांत बांधलेली आहे. स्पर्धांचे संकेत बघा: वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट; वॉल्ट्झला तीन मात्रांचा, बाकीच्यांना चार), स्लो फॉक्सट्रॉटही तितकाच, क्विकस्टेप ५० ते ५२, चाचा ३० ते ३२, रुंबा २५ ते २७, जाइव्ह ४२ ते ४४. म्हणजे क्विकस्टेपला मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके, आणि फरकाला जागा जेमतेम आठ ठोक्यांची. इंग्लंडात व्हिक्टर सिल्व्हेस्टर या नर्तकाने १९३५ मध्ये याच गरजेपोटी काटेकोर लयीचा वाद्यवृंद काढला, आणि त्याच्या तबकड्या नाचाच्या वर्गांत वर्षानुवर्षं वाजल्या. लयीशी खेळणारा ड्रमर त्याला नकोच होता. चार मात्रांचा फिल (ओळीच्या शेवटी भरायचा तुकडा) घेताना बहुतेक मध्यम दर्जाचे ड्रमर लय पुढे ढकलतात, आणि तीन-चार फिलनंतर ३० बारचा चाचा ३३ वर जातो. जोडीने नाचणाऱ्यांची पावलं तिथे अडखळतात, आणि दोष मात्र त्यांच्या वयाला दिला जातो.

जागा आणि आवाज हा मुद्दाही खोटा नाही. चाळीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात काठ्यांनी वाजवलेला खरा ड्रमसेट सहज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, मग गायकाला त्याच्या वर चढवावं लागतं आणि जेवणारे एकमेकांशी ओरडून बोलतात. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. यंत्राचे ड्रम्स एका बटणाने खाली येतात, खऱ्या स्नेअरला (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ढोलाला) बटण नसतं. उरला पैसा. समजा हॉटेल रात्रीचे वीस हजार देतं. दोघांत दहा-दहा, चौघांत पाच-पाच. ड्रमरला वर वाहन लागतं; ड्रमसेट स्कूटरवर मावत नाही. गोव्यातल्या एखाद्या दुकलीने या हिशोबाने लॅपटॉप घेतला तर तिला कलेचा द्रोही ठरवणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातून ड्रमरचे पाच हजार द्यावेत.

म्हणून नाचाच्या कार्यक्रमात यंत्र चालेल. पण नीट चालवलं तर. इथे यंत्रसमर्थक घोडचूक करतात: त्यांना वाटतं फाइल लावली की झालं. गोव्यातल्या लग्नातच त्यांची फजिती होते, कारण तिथे प्रसंगाची लांबी कुणालाच आधी ठाऊक नसते. वधूवरांच्या मार्चला साडेतीन मिनिटांची फाइल लावली आणि जोडपं मधल्या टेबलांवर आत्याबाईंना भेटत राहिलं, की मार्च संपतो आणि दालन गप्प होतं. त्याहून वाईट अवस्था ‘मसाला’ म्हणतात त्या कोंकणी गाण्यांच्या मालिकेत होते. मांडो हा गाण्याचा प्रकार संथ, सहा मात्रांच्या डौलाचा. त्यातून दुलपद या चपळ गाण्याच्या ६/८ मध्ये शिरताना लय हळूहळू चढत जाते, आणि किती चढायची हे समोरचे लोक ठरवतात. तयार लूप (फिरत राहणारा तुकडा) एका लयीतून दुसरीत पायरी चढल्यासारखी उडी मारतो. शिवाय परदेशी प्रोग्रॅमांत ६/८ म्हणून जो ठेका असतो तो बहुधा संथ आयरिश किंवा जुन्या रॉक बॅलडचा. दुलपदातला घुमटाचा (गोव्यातल्या मातीच्या ढोलाचा) झोका त्यात नसतो. हा ठेका स्वतः बांधावा लागतो, शक्यतो घुमट वाजवणाऱ्याला समोर बसवून.

व्यवस्था अशी हवी. सलग फाइलऐवजी गाण्याचे तुकडे करावेत: सुरुवातीची दोन बारची मोजणी, कडव्याचा ठेका, धृपदाचा थोडा भरलेला ठेका, एका बारचा फिल, एका बारचा पूर्ण थांबा, आणि शेवट. प्रत्येक तुकडा स्वतःवरच फिरत राहील असा लावायचा आणि पुढच्याकडे जाण्याचा हुकूम पायातल्या स्विचला द्यायचा, बदल पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवरच होईल या बेताने. मग मार्च कितीही लांबो. लय एका ठोक्याने वर-खाली करायला दुसरा स्विच ठेवावा, कारण तबकडीवरून मोजलेली लय साठीतल्या जोडप्यांना जड जाते. ११६ चा फॉक्सट्रॉट जेवणानंतर ११२ वर आणावा. एका कानात क्लिक आणि सभागृहात ड्रम्स असं करायचं तर साउंड कार्डाला चार आउटपुट असलेले बरे. दोनच असतील तर लोक डाव्या चॅनेलवर क्लिक आणि उजव्यावर ड्रम्स घेतात, आणि घाईत तारा उलट लागल्या की शंभर पाहुण्यांना टिक-टिक ऐकवतात. डाव्या तारेला लाल पट्टी, एवढं साधं औषध आहे.

बाकीच्या चुकाही ठरलेल्या आहेत. फाइल ४४.१ किलोहर्ट्झवर केलेली आणि यंत्र ४८ वर धावत असेल, मधे रूपांतर होत नसेल, तर लय सुमारे नऊ टक्के वाढते: १२० चे १३० होतात. बेसही त्याच फाइलमध्ये असेल तर तो जवळजवळ दीड सेमीटोन वर जातो, आणि गायकाला वाटतं आपलाच गळा बसला. ब्लूटूथच्या स्पीकरवर ड्रम्स कधीही घेऊ नयेत. तिथला उशीर शंभर ते दोनशे मिलिसेकंदांचा, म्हणजे १२० च्या लयीत मात्रेच्या पाचव्या ते दोन-पंचमांश हिश्श्याएवढा. तारेने जोडलेल्या कार्डात २५६ सॅम्पलचा बफर (आवाज क्षणभर साठवून पुढे देणारा टप्पा) ४८ किलोहर्ट्झला साधारण पाच मिलिसेकंद घेतो, जो दोन मीटरवरच्या स्पीकरइतकाच उशीर आहे. तो कुणाला जाणवत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावताच घरघर आली तर डीआय बॉक्सचा (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामधल्या डबीचा) ग्राउंड तोडायचा स्विच दाबावा. चार्जरची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग आहेत. त्यांनी निदान ओल्या लॉनवर अनवाणी उभं राहू नये. बहुतेक हॉटेलांची यंत्रणा मोनो असते, तेव्हा रुंद स्टिरिओत केलेला स्नेअर तिथे पातळ होतो. ड्रम्स मोनोत उतरवून घरीच ऐकावेत. आणि ड्रम्स गायकाच्याच स्पीकरमधून काढू नयेत. एक वेगळा स्पीकर मागे, जिथे ड्रमर बसला असता तिथे, कमरेच्या उंचीवर ठेवला की अर्धा खोटेपणा निघून जातो, कारण आवाज जिथून यायला हवा तिथून येतो आणि वादकांनाही वेगळा मॉनिटर लागत नाही. लॅपटॉप बंद पडेल हे गृहीत धरून तेच तुकडे फोनमध्येही असावेत, फोन विमान मोडवर.

एवढं केलं की नाचाचा कार्यक्रम निभतो. आता जाझकडे येऊ. तिथे हे सगळं केलं तरी उपयोग होत नाही, आणि त्याची कारणं आत्म्यापर्यंत न जाता सांगता येतात.

पहिलं कारण स्विंगचं, म्हणजे मात्रेचे दोन भाग असमान ठेवून येणाऱ्या जाझच्या झोक्याचं. रॉजर लिनने १९८० च्या आपल्या ड्रम मशीनमध्ये स्विंगची सोय दिली तेव्हापासून लोकांना वाटतं, स्विंग म्हणजे टक्केवारी: ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिस्र, ७५ म्हणजे टोकाचं लंगडं. एका मात्रेचे ४८० भाग केले तर दुसरा आघात २४० वर, ३२० वर किंवा ३६० वर ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये नामवंत जाझ ड्रमरांचं राइड सिंबलवरचं (लय धरणाऱ्या मोठ्या झांजेवरचं) वादन मोजलं, तेव्हा हे प्रमाण स्थिर नसतंच असं दिसलं. संथ लयीत ते साडेतीनास एकपर्यंत जातं, फार द्रुत लयीत एकास एकवर येतं. मध्यम ते द्रुत लयीत छोटा स्वर शंभर मिलिसेकंदांच्या आसपास टिकून राहतो. म्हणजे २०० च्या लयीत ६६ टक्के बरोबर आणि तेच १२० ला पांगळं. प्रोग्रॅमात एक आकडा लावून सबंध संध्याकाळ चालवणारा गडी लय बदलली की स्विंग हरवून बसतो, आणि त्याला कळत नाही काय बिघडलं.

यावर यंत्रसमर्थक म्हणतील, आकडा लयीनुसार बदलू, शिवाय ठोके मुद्दाम थोडे मागेपुढे करणारं ‘ह्यूमनाइझ’चं बटण आहेच. त्या बटणाचीही परीक्षा झालेली आहे. जर्मनीत गटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की माणसाच्या चुका सुट्या नसतात. आता थोडा मागे पडलेला ठोका पुढच्या कित्येक ठोक्यांवर सावली टाकतो. बटण मात्र प्रत्येक ठोक्याला स्वतंत्र फासा टाकतं, आणि ऐकणाऱ्यांना ते कमी आवडतं. त्याच संस्थेतून २०२२ मध्ये आलेल्या कामाचा निष्कर्ष आणखी गमतीचा आहे: सोलो वाजवणारा मात्रेवरचे स्वर ऱ्हिदम सेक्शनच्या (ड्रम्स, बेस अशा साथीच्या) किंचित मागे टाकतो, पण मधले स्वर त्यांच्यासोबतच ठेवतो, तेव्हा स्विंग वाढतो. स्विंग ही दोन वादकांमधल्या अंतराची गोष्ट झाली. एकट्या ड्रमच्या ट्रॅकमध्ये ती कितीही भरली तरी अर्धीच भरता येते.

तरीही समजा, हे सगळं साधलं. समजा राइडच्या प्रत्येक आघाताला आठ वेगवेगळे सॅम्पल (ध्वनिमुद्रित नमुने) आहेत, त्यामुळे एकच टिंग बंदुकीसारखी येत नाही. ब्रशची घसरही लयीला ताणून फाटत नाही. तरी खरी अडचण उरतेच. बत्तीस बारच्या गाण्यात गायिका दुसऱ्या कडव्याला दोन बार आधी शिरली. हे दर आठवड्याला होतं, उत्तम गायिकांकडूनही होतं. ड्रमर आणि बेसवाला एकमेकांकडे बघतात, पुढच्या आठ बारांच्या तोंडाशी ड्रमर एक ठळक फिल देतो आणि सगळे तिच्यासोबत येतात. श्रोत्यांना काही झालं हेच कळत नाही. प्रोग्रॅम मात्र आपल्या जागेवर ठाम. त्याचा कडव्याचा फिल आता ओळीच्या मध्यात पडतो, आणि गाणं संपेपर्यंत सगळे वादक एका चुकलेल्या पंचांगाप्रमाणे सण साजरे करत राहतात. बेसच्या सोलोला ड्रमरने हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेवर) यायचं, पियानोवाला चढत असेल तर चौथ्या बारला स्नेअरने त्याला टोचायचं, चार-चार बारांच्या सवाल-जवाबात समोरच्याचं वाक्य उचलून उलटं फिरवायचं. सवाल-जवाब आधीच छापून आणले तर त्यातला जवाब कुठला?

इथे तुल्यबळ प्रतिपक्षाचं म्हणणं असं: आता प्रोग्रॅम ऐकायला लागले आहेत. खरं आहे. लॉजिक प्रोसारख्या प्रोग्रॅमातला ड्रमर २०१३ पासून दुसऱ्या ट्रॅकचा ठेका पाहून किक-स्नेअर त्याला जुळवतो. वादकाच्या मागे लय सरकवणाऱ्या प्रणालीही आहेत, आणि त्या सुधारत जातील. पण त्या मागे येतात. ड्रमर पुढेही जातो. गिटारवाला तिसऱ्या कोरसला (गाण्याच्या तिसऱ्या फेरीला) दमला आहे हे ओळखून ड्रमर आवाज खाली आणतो आणि सोलो संपवायला जागा करून देतो. कधी मुद्दाम त्याचं ऐकत नाही, लय ओढू देत नाही. मागे चालणाऱ्या दोघांपैकी कुणीच रस्ता ठरवत नसेल तर लय हळूहळू बुडते, आणि अशा प्रणालींचा नेहमीचा बिघाड तोच असतो: वादक किंचित रेंगाळला, यंत्र रेंगाळलं, म्हणून वादक आणखी रेंगाळला. उद्या नकार देऊ शकणारं यंत्र आलं तर हा लेख मागे घ्यायला हरकत नाही. आज हॉटेलातल्या लॅपटॉपवर ते नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो अधिक टोचणारा. जाझ आणि नाच ही विभागणीच कृत्रिम नाही का? मुंबईत जाझ आला तोच नाचाच्या दालनांतून. लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजला, पुढे टेडी वेदरफर्ड तिथे होता, आणि त्यांच्याकडून शिकलेले, चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन वाचायला तयार झालेले गोव्याचे वादक रात्री हॉटेलात नि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो शावियेर वाझ हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. त्या काळात नाचवणारा बँड आणि जाझ बँड एकच होता, हे कबूल. पण यावरून यंत्राची बाजू भक्कम होत नाही. त्या बँडांचे ड्रमर दालनाकडे बघून वाजवत. लोक टेबलाकडे वळायला लागले की एक कोरस कमी, गर्दी उसळली की एक जास्त. म्हणून माझ्या विभागणीत दुरुस्ती करून घेतो: लिंडी हॉपसारखा नाच, जिथे नाचणारे ड्रमरच्या थांब्यांना पायांनी उत्तर देतात, तो जाझच्याच बाजूला मोजावा. काटेकोर लयीचा वॉल्ट्झ यंत्राच्या बाजूला.

मग ड्रमर नसेल तर करायचं काय? जाझ म्हणजे ड्रम्स आलेच, हे गृहीतच चुकीचं आहे. जॅंगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांच्या पॅरिसच्या पंचकात १९३४ मध्ये ड्रमर नव्हता. दोन गिटार आणि बेस मिळून असा ठेका धरत की कुणाला उणीव भासली नाही. नॅट किंग कोलचं त्रिकूट पियानो, गिटार आणि बेसचं. ऑस्कर पीटरसनने १९५० च्या दशकात रे ब्राउन आणि हर्ब एलिस यांच्यासोबत जे द्रुत लयीचं वादन केलं ते ड्रम्सविना. या लोकांना ड्रमर परवडत नव्हते असं कुणी म्हणेल का? ड्रम्स नसले की काम इतरांत वाटलं जातं. बेसवाल्याने चारही मात्रांना चालतं राहायचं, स्वर पुढच्या स्वरापर्यंत ताणून. गिटारवाल्याने मात्रेला एक असे चार छोटे आघात करायचे, डावा हात लगेच सैल सोडून, दुसऱ्या आणि चौथ्यावर किंचित जोर. कॉर्डचे दोन-तीन स्वर पुरेत, सहाही तारा वाजवल्या की बेस बुडतो. सोलोवाल्याने वाक्यं स्पष्ट बांधायची, कारण त्याला वाचवणारं कुणी नाही. सुरुवातीला लय पळते, हे खरं, बहुधा मध्याच्या कोरसमध्ये. सरावात मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वाजवावा, मग प्रत्येक चार बारांतून एकदाच. यंत्राची खरी जागा ही. ते सरावाच्या खोलीत कठोर असावं आणि संध्याकाळी घरी राहावं. दोघंच असाल, गिटार आणि सॅक्स, तरी हे जमतं. लॅपटॉपवरच्या अदृश्य त्रिकुटापुढे सॅक्स वाजवणं ऐकायला जास्त भरलेलं वाटतं, पण मग सॅक्सवाला काय वाजवतो याने मागे काहीच बदलत नाही, आणि पंधरा मिनिटांनी तो स्वतःच ऐकणं सोडून देतो. हा दुष्परिणाम कुणी मोजत नाही: न ऐकणाऱ्या साथीदारासोबत वर्षभर वाजवलं की माणसाचाही कान बंद होत जातो.

राहता राहिला तो नेहमीचा टोमणा, की प्रत्येक नव्या यंत्राला वादकांनी विरोध केला आणि दर वेळी ते हरले. अमेरिकेत १९०६ मध्ये जॉन फिलिप सूसा यांत्रिक संगीताविरुद्ध गरजले. १९५९ मध्ये वुर्लिट्झरने बारा ठेक्यांचं साइडमॅन यंत्र काढलं तेव्हा वादकांची संघटना अस्वस्थ झाली. १९८२ मध्ये लंडनच्या वादक संघटनेच्या मध्यवर्ती शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी मागणारा ठराव केला. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत; त्या काळात गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक जिवंत होता, यापेक्षा त्या निर्णयावर वेगळी टीका नको. हे विरोध हरले कारण त्यांनी वाद्यावर सरसकट बंदी मागितली, काम कोणतं हे पाहिलं नाही. पण हरलेल्यांची भीती खोटी होती का? बोलपट आल्यावर चित्रपटगृहांतल्या वादकांच्या हजारो नोकऱ्या खरोखर गेल्या. मुंबईच्या स्टुडिओत शंभर वादकांची रेकॉर्डिंग आता क्वचित होते. इतिहासाने यंत्र जिंकलं एवढंच सांगितलं. किंमत कुणी भरली हे टोमणा मारणारे सोयीने विसरतात.

त्याच १९८२ सालातली दुसरी गोष्ट त्यांनी लक्षात घ्यावी. मुंबईतले स्टुडिओ वादक चरणजित सिंग यांनी रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. दोन-अडीच दशकांनी जगाने ती तबकडी शोधून काढली. त्यात ८०८ कुठल्याही ड्रमरची नक्कल करत नव्हतं. ते यंत्र म्हणून वाजलं, न थकता, न हलता, आणि त्याच्यावरचे सूर माणसाने हलवले. यंत्राला यंत्राचं काम दिलं की ते नवं काही देतं. माणसाचा मुखवटा घालून उभं केलं की ते फक्त स्वस्त पडतं.

आणि स्वस्ताईचा हिशोबही पुरता मांडायला हवा. बिनमहत्त्वाच्या संध्याकाळी, अर्धवट ऐकणाऱ्या जेवणाऱ्यांपुढे, कमी पैशांत वाजवूनच ड्रमर तयार होतात. लय कुठे ढासळते, ब्रशने आवाज कसा दाबायचा, गायिका चुकली तर काय करायचं, हे वर्गात शिकवता येत नाही. छोटे कार्यक्रम सगळे लॅपटॉपला गेले तर दहा वर्षांनी मोठ्या लग्नाला ड्रमर हवा म्हणून फोन फिरवणाऱ्यांना काठ्या जोरात मारणारे तेवढे सापडतील. म्हणून दुकलींना एक व्यवहारी सुचवणी: चार तासांच्या कार्यक्रमात जेवणाचा वेळ ड्रम्सशिवाय काढा, वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉटला यंत्र लावा, आणि शेवटच्या तासाला, मसाला आणि जाइव्हसाठी, एक तरुण ड्रमर बोलवा. स्नेअर, हाय-हॅट, एक राइड आणि लहान किक एवढाच संच; रिक्षात मावतो. त्याला पूर्ण रात्रीचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि लोक घरी जाताना बोलतात ते शेवटच्या तासाबद्दल.

हॉटेलवाल्यांशी करार करताना मात्र लपवाछपवी नको. ‘लाइव्ह बँड’ एवढं लिहून चालणार नाही. प्रत्यक्ष वाजवणारे किती, कोणती वाद्यं, आणि कोणता भाग आधी ध्वनिमुद्रित किंवा संगणकाने रचलेला, अशा तीन ओळी पुरेत. त्याच बाहेरच्या फलकावरही लावाव्यात. त्या वाचून कुणी दुकलीला कमी पैसे देऊ केले, तर निदान भाव कशाचा ठरतोय हे दोघांनाही ठाऊक असेल.